भास्कररावांनी ठेवलेली वायर

भास्कररावांची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझी मुलाखतच. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कळंबची, कॉम्प्युटरचा कोर्स करून आमच्या सहकारी दूध संघात नोकरी मागायला आले होते. संगणक विभागाचे प्रमुख असलेल्या भास्कररावांनी माझी फाईल उघडलीच नाही. समोर एक बिघडलेला कॉम्प्युटर ठेवला आणि म्हणाले, "ताई, काय दिसतंय ते सांगा. काय वाटतंय ते नंतर." पंखा फिरतोय आणि पडदा काळा आहे, एवढंच मी सांगितलं. "बास. उद्यापासून या."

डिंगोऱ्याला त्यांच्या घरी रविवारी आम्हां सहकाऱ्यांचा वर्ग भरायचा. वहिनींचे पोहे आणि मध्यभागी एक जुना स्विच. कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी ती पेटी ते आमच्या पुढ्यात सरकवायचे आणि म्हणायचे, "बिनधास्त बिघडवा." माझी आई आजारी असताना मला जाता येईना, तर हा माणूस तो स्विच कापडी पिशवीत घालून एसटीने कळंबला आला. आधी आईशी गप्पा, मग शिकवणी. आईला वाटलं, डॉक्टरच आले.

पण भास्करराव कोण आहेत हे मला खरं कळलं ते संघात ब्लेड सर्व्हर आले तेव्हा. आजही सांगताना अंगावर काटा येतो. पातळ पातळ सर्व्हर एकाच पेटीत उभे बसवलेले आणि त्यांचा इथरनेट स्विच त्याच पेटीच्या पाठीत सरकवायचा. भास्कररावांनी तो खटका वाजेपर्यंत आत बसवला, लॅपटॉप जोडून स्विचला नेटवर्कवरचा पत्ता दिला, भिंतीवरच्या मोठ्या स्विचला एका वायरने जोडला. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांचे आकडे पडद्यावर आले आणि आम्ही पेढे वाटून मोकळे झालो.

या नव्या यंत्रणेच्या उद्घाटनाच्या सकाळी सगळं ठप्प. पाहुणे आळेफाट्यापर्यंत आलेले, केंद्रांचे फोनवर फोन आणि स्विचचे सगळे दिवे एकदमच पिसाळल्यासारखे लुकलुकत होते. अध्यक्षसाहेब दारातच कडाडले, "ज्यानं हात लावला असंल, तो आजच घरी जाईल."

भास्करराव स्टूल ओढून दिव्यांसमोर बसले. "कालपासून काय बदललं, तेवढंच सांगा."

आमचे वायरमन रामदासभाऊ पुढं आले. चेहरा पांढराफटक. "सर, म्या ह्या दोन स्विचांमदी एक जास्तीची वायर टाकली. ठिबकला आमी दोन्ही अंगांनी पानी देतो, म्हंजी शेवटच्या झाडाला बी सारखा दाब भेटतो. म्हनलं, हितं बी एकीवर कशाला भार?"

मला वाटलं, संपलं. रामदासभाऊंच्या घरात नोकरी तेवढी एकच होती. भास्करराव मात्र एकदम खुलले, डोळे असे चमकले की बस. "अहो भाऊ, विचार बरोबर आहे तुमचा. पण पाणी झाडं पितात. इथं पिणारं कुणी नाही. एका कॉम्प्युटरने सगळ्यांना मारलेली हाक एका वायरने जाते, दुसरीने परत येते, पुन्हा जाते. नुसत्या हाकाच फिरत राहिल्या, काम कोण करणार?"

त्यांनी ती वायर काढली. दिवे शांत झाले, केंद्रं परत आली. इथं दुसरा कुणी असता तर वायर खिडकीबाहेर भिरकावून मोकळा झाला असता. भास्कररावांनी लॅपटॉप जोडला आणि या दोन वायरी मिळून एकच रस्ता समजायचा, असं दोन्ही स्विचना सांगितलं. ते जतन केलं, स्विच बंद करून पुन्हा चालू केला, सांगितलेलं त्याच्या ध्यानात आहे ना ते तपासलं. मग रामदासभाऊंना म्हणाले, "लावा तुमची वायर." भाऊंनी वायर बसवली आणि काही म्हणता काही बिघडलं नाही.

"साहेब, यातली कुठलीही एक उपटा," भास्करराव अध्यक्षांना म्हणाले. साहेबांनी उपटली. पडद्यावर केंद्रांचं दूध येतच राहिलं. "दुसरी वायर असावी हे रामदासभाऊंना सुचलं. स्विचला ते सांगायचं काम माझं, ते राहिलं होतं. घरी पाठवायचंच असेल तर कुणाला, ते तुम्ही ठरवा."

साहेबांनी वायर स्वतःच्या हाताने परत लावली आणि ते म्हणाले, "रामदास, चहा घेतला का रे?" मला तर रडूच फुटलं, आणि त्याची लाज मला आजही वाटत नाही.

भास्कररावांच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथासाठी मी रामदासभाऊंकडे चार शब्द मागितले. ते सन्मानाने निवृत्त झालेत, घरीच असतात. म्हणाले, "ताई, मला लिव्हाया न्हाई जमत. मपल्या पोरींची लग्नं, शिक्षान, समदं त्याच नोकरीवर झालं, येवढं लिवा. आन सरांना म्हनावं, तब्येतीला जपा, आमाला तुमी लई वरसं पायजेत."

भास्करराव, आम्हां सगळ्यांचंही मागणं तेवढंच आहे.