तीन फ्रेमसाठी वालूर

परभणी स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी उगाचच खुशीत होते. खरं तर कारण कटकटीचं होतं. पुण्यात मी माहितीपटांचा आवाज जुळवते. पडद्यावर दार आपटलं की त्याच क्षणी ते ऐकू आलं पाहिजे, हे बघणं माझं पोटापाण्याचं काम. वालूरचे हलगीवाले ग्यानबामामा यांच्यावरच्या माहितीपटातला एक तुकडा आम्ही त्यांना मोबाईलवर पाठवला होता. त्यावर त्यांचा निरोप आला, ‘मी असा वाजवत न्हाई. माझं नाव काढून टाका.’

मी फोन करून समजावलं की सॉफ्टवेअर नवं आहे, तपासलेलं आहे, चूक शून्य दाखवतं. “मग त्यालाच बोलवा वाजवायला,” म्हणाले आणि फोन ठेवून दिला. आमचे दिग्दर्शक हवालदिल झाले. ज्याच्यावर माहितीपट, त्याचंच नाव नाही, असा माहितीपट दाखवायचा कसा? तपासणीचं सामान पिशवीत कोंबून त्यांनी मला गाडीत बसवून दिलं.

स्टेशनबाहेरच्या हॉटेलात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी) खाल्ली. एक बशी संपली, दुसरी मागवली. मालकाने विचारलं, “कुठल्या तुमी?” पुण्याची म्हटल्यावर त्याने वर मूठभर शेंगदाणे टाकले, बहुधा कीव येऊन.

सेलूच्या एसटीत खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंनी काळी जमीन, हरभरा आणि हुरड्यावर आलेली ज्वारी. रेल्वे फाटकाशी बस थांबली. लांब शेतात एक माणूस खुंटी ठोकत होता. त्याचा हातोडा खाली यायचा तेव्हा काहीच ऐकू यायचं नाही, आणि तो पुन्हा वर जाताना ठक्! मला हसूच आवरेना. शेजारच्या आजींना म्हटलं, “बघा ना आजी, त्याचा आवाज मागून येतोय.”

आजींनी आधी माझ्याकडे नीट पाहिलं. “लांब हाय ना बाई त्यो. जवळ जाऊन बघ.”

सेलूहून वालूरला काळीपिवळी (वडाप जीप) होती. चौदा माणसं आणि खताची दोन पोती यांच्यात मी अंग चोरून बसले. गाव जवळ आलं आणि माझ्या पिशवीतून टिक, टिक सुरू झालं. ड्रायव्हरने जीप बाजूला घेतली. “ताई, पिशवीत काय हाय?” सगळे खाली उतरले, काही जण अंमळ लांबच उभे राहिले. मी घाईघाईने मोबाईलएवढं यंत्र काढून दाखवलं. एक पांढरा चौकोन लखलखतो, त्याच क्षणी टिक वाजते, आणि दोन्ही बरोबर पडतात की नाही ते कळतं. “एवढंच?” एका पागोटेवाल्यांनी विचारलं. मी म्हटलं, एवढंच. त्यांची थोडी निराशा झाली असावी.

ग्यानबामामा ओट्यावर बसले होते. साठीचे, काटक, हाताची बोटं लांबलचक. मामींनी पाणी दिलं. मी लॅपटॉप उघडला, पडद्यासमोर यंत्र धरलं आणि तपासणी लावली. टिक टिक ऐकून कोंबड्या गोळा झाल्या, मामी त्यांना दाणे टाकताना असाच आवाज काढत असणार. दहा वेळा तपासलं, दहाही वेळा शून्य. मी विजयी मुद्रेने मामांकडे पाहिलं.

“शून्य तर शून्य,” ते म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले.

मामींनी चुलीपाशी बसवून धपाटे आणि दही वाढलं. हलगी खुंटीला होती, फडक्यात बांधलेली. मी सहज विचारलं.

“आठ दिस झाले,” मामी म्हणाल्या. “ते तुमचं चित्र आलं अन् यांच्या शागिर्दांनी बघितलं. मन्ले, मामांचा हात मागं पडायलाय. आधी यांनी खामखा भांडून घेतलं. मग सोताच म्हनायलेत, झालं असंल वय. तवापासून हात लावला न्हाई.”

मी पुण्यात नावाची काळजी करत बसले होते, आणि इथे एका माणसाचं वाजवणं थांबलं होतं.

मी गोठ्यात गेले. “मामा, एकदाच वाजवा. तुमच्यासाठी नको, माझ्या तपासणीसाठी.” हातातली वैरण टाकून ते म्हणाले, “मामीला पाचट पेटवायला सांगा.”

कातडं ताणून यावं म्हणून मामांनी हलगी जाळावर शेकली, बोटाने वाजवून पाहिली, पुन्हा शेकली. उजव्या हातात जाड काठी, डाव्यात बारीक काडी. उजवा हात डोक्यावर गेला, सपकन खाली आला, आणि कातड्यापासून बोटभर अंतरावर थांबला. कडाका निघाला तो त्यानंतर, डाव्या हातातल्या काडीचा.

“थांबा, थांबा. हा हात लागलाच नाही.”

“लागायचाच न्हाई. ह्यो दाखवायचा हात हाय. आमच्या गुरूची रीत. लोक ह्याच्याकडं बघतेत, वाजवतंय हे.” त्यांनी काडी नाचवली.

कुठे चुकलं ते आता कळलं. चित्रीकरणाच्या दिवशी मामांनी आधीच वाजवायला घेतलं होतं, म्हणून वेगवेगळे टिपलेले चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी मारतात ती टाळी मारायची राहिली. मग स्टुडिओत मी सगळ्यात मोठा आवाज शोधला आणि तो सगळ्यात मोठ्या हाताला चिकटवला. सॉफ्टवेअरचं शून्य खरंच होतं, पण ते लॅपटॉपवर चित्र आणि आवाज बरोबर चालतात एवढंच सांगत होतं. फसले होते मी, आणि तेही बरोबर गुरूंच्या बेताप्रमाणे. मला जे हसू फुटलं ते थांबेना. मामाही हसायला लागले.

तिथेच लॅपटॉपवर आवाज तीन फ्रेम उशिरा आणला, म्हणजे सेकंदाचा जेमतेम आठवा भाग. मामांनी तुकडा तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा पडद्यावर बोट ठेवलं.

“हां. आता मी हाय.” मग म्हणाले, “लिवा नाव. गुरूचं बी लिवा, वर.”

संध्याकाळी परभणीच्या फलाटावर चहा घेत होते तेव्हा फोन वाजला. मामी होत्या. मागून असा दणका ऐकू येत होता की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

“ताई, काय करून गेलात तुमी? शागिर्दांना बोलावून घेतलंय. दुपारधरनं वाजवायलेत. ताट वाढून ठेवलंय, जेवायला उठत न्हाईत. तुमी तरी सांगा.”

“मामी, मी नाही सांगणार,” मी म्हटलं. “फोन जरा त्यांच्याजवळ न्या.”

त्यांनी नेला. गाडी येईपर्यंत मी ऐकत राहिले. कानाला फोन लावून एकटीच हसणाऱ्या बाईकडे लोक पाहत होते. आठ दिवसांची ती शांतता माझ्या हातची होती, हे काही केल्या मनातून जात नव्हतं. आणि तरीही इतका आनंद मला कुठल्याच कामाने दिलेला नाही.