हातमोजेवाल्याच्या शेजारची पायवाट

शहरातली जुनी दफनभूमी बघायला लोक सहलीसारखे येतात, याचं पाथरवटाला कधी नवल वाटलं नाही. सावली दाट असते, मेलेली माणसं गोंगाट करत नाहीत, आणि बाहेर पडल्यावर आपण अजून जिवंत आहोत या आनंदात भूकही सपाटून लागते. सकाळी दहाला एक फेरी, दुपारी तीनला दुसरी. फाटकापाशी माणसं जमली की पाथरवट छत्री उंच धरून पुढे निघायचा आणि मागून पंधरा-वीस जणांची वरात चालायची.

तो मुळात वाटाड्या नव्हे. एकतीस वर्षं त्याने तिथे छिन्नी चालवली होती. थडग्यांवरची अक्षरं ऊनपावसाने झिजली की ती पुन्हा खोल करायची, हे त्याचं काम. पुढे हात थरथरू लागले. एका न्यायाधीशाच्या जन्मसालाचा टवकाच उडाला आणि ते बिचारे जन्म न घेताच मेलेले ठरले. तेव्हा कचेरीने त्याच्या हातातली छिन्नी काढून घेतली आणि छत्री दिली. नाव मात्र पाथरवट असंच राहिलं.

बोलणं त्याला येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. उलट जरा जास्तच येत होतं. पहिल्याच वर्षी एका दुपारी मंडळी उन्हाने कंटाळली, दोघं-तिघं जांभया देऊ लागली. समोर एक उभा दगड होता. नाव पार पुसलेलं, वर फक्त दोन हात कोरलेले, एकावर एक ठेवलेले. खरं म्हणजे ते हातही नव्हते. ते हातमोजे होते. खाली निजलेला माणूस हातमोजे शिवायचा, आणि त्या काळी दगडावर धंद्याची खूण कोरायची पद्धत होती. पाथरवटाला ते त्याच्या उस्तादाने सांगितलं होतं. पण शिंप्याची गोष्ट ऐकून जांभई थांबते थोडीच! त्याने ठोकून दिलं की हे नवराबायकोचे हात आहेत, दोघांचं लग्न घरच्यांना मान्य नव्हतं, दोघं एकाच दिवशी गेले आणि जाताना हात सोडला नाही. जांभया थांबल्या. एका बाईने डोळे पुसले आणि त्या हातांवर आपला हात ठेवला.

घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं. ती शाळेचे गणवेश शिवायची. मशीनचं चाक हाताने थांबवून तिने त्याच्याकडे बघितलं.

"अहो, मेलेल्या माणसाचं लग्न लावून दिलंत तुम्ही! निदान मुलगी तरी बघायची."

मग कितीतरी दिवस ती त्याला विचारायची, आज हातमोजेवाल्याच्या संसाराला किती जण येऊन गेले. त्यालाही मजा वाटायची. दर फेरीला गोष्टीत थोडी भर पडायची.

बायको गेली त्याला आता चार वर्षं झाली. दफनभूमीत नव्या माणसांना जागा नाही, पण तिथल्या कामगारांसाठी एक जुनी सोय होती. दोन थडग्यांच्या मधल्या फटीत, दगडाच्या रांगा सांभाळून, घरच्या माणसाला निजवू द्यायचे. कागदावर काही नाही, सगळं तोंडी. नकाशात त्या फटी पायवाटा म्हणूनच रंगवलेल्या होत्या. त्या वर्षी एकच फट उरली होती, हातमोजेवाल्याच्या पुढ्यातली. पाथरवटाला त्या वेळी तेही बरंच वाटलं. ओळखीचा शेजार मिळाला.

आणि मग त्याने चूक केली. पाथरवटानेच करावी अशी. त्याने आयुष्यभर बघितलं होतं की उभा दगड कधी ना कधी कलतो. मुळं ढकलतात, माती खचते, शंभर वर्षांत मोठमोठे सरदार पालथे पडतात. आडवा दगड तसाच राहतो. म्हणून बायकोसाठी त्याने आडवी फरशी बसवली, जमिनीच्या बरोबरीने, पाणवाट काढून, केसाइतकीही उंच नाही. थरथरत्या हाताने सात दिवस खपून तिचं नाव कोरलं. हात बेताचे म्हणून अक्षरं उथळच आली. पण फरशी अशी बसली होती की उस्तादाने पाठ थोपटली असती. इतकी सुरेख बसली होती की ती बघून कुणालाही वाटावं, लोकांनी उभं राहावं म्हणूनच इथे दगड घातलाय.

लोक उभे राहू लागले. पुढच्याच वर्षी कचेरीने माहितीपत्रक छापलं आणि त्यात पहिल्याच पानावर ते दोन हात. आता जोडपी गोष्ट ऐकायलाही थांबत नव्हती. येताच हातांवर हात ठेवून फोटो काढत होती. हातांना हात लावायचा तर उभं राहायला जागा एकच. फरशीची.

त्याने आधी विनंती केली. लोक चांगले होते, पटकन बाजूला व्हायचे, आणि त्यांच्या मागचे चार जण त्या जागी यायचे. मग त्याने दोरी बांधली. आठवड्याने कचेरीतून माणूस आला आणि पायवाट अडवल्याबद्दल दोरी सोडून घेऊन गेला. पाथरवट अधीक्षक बाईंकडे गेला. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, स्वतः उठून नकाशा काढला, नोंदवही काढली, मागच्या वर्षांच्याही चाळल्या. एक तास गेला.

"मला माहीत आहे हो त्या तिथे आहेत," शेवटी बाई म्हणाल्या. "पण इथे नाहीत. नंबर असता तर कठडा घातला असता, दुसरीकडे हलवायचा अर्ज केला असता. नंबरच नाही तर अर्ज कशावर करू?"

त्यांच्याशी भांडावं तर भांडायला काही कारणच नव्हतं. त्यांनाही वाईट वाटत होतं, आणि दोघं नकाशाकडे बघत बसले. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, बाबा, तुम्ही ती नोकरी सोडा. सोडून काय होणार होतं? तो नसता तर निदान बाजूला व्हा म्हणणाराही कुणी नसता.

मग एके दिवशी त्याने खरं सांगून टाकलं. तीनची फेरी होती. त्याने छत्री मिटली आणि सांगितलं की ही गोष्ट मी रचलेली आहे, हे हातमोजे आहेत, नवराबायको वगैरे कुणी नाही. इथे एक शिवणकाम करणारा माणूस आहे. आणि तुम्ही जिथे उभे आहात तिथे माझी बायको आहे.

मग एकाने टाळी वाजवली आणि बाकीच्यांनीही वाजवल्या. एक बाई मैत्रिणीला म्हणाली, बघ, अंगावर काटा आला, काय सांगतात ना! पुढच्या महिन्यात लोक ती दुसरी गोष्ट ऐकायला येऊ लागले. वाटाड्याच्या बायकोची. स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा तो किती वेळा!

त्यानंतर त्याने पुन्हा ते सांगितलं नाही. तो आपला आधीच जाऊन फरशीवर उभा राहू लागला, दोन्ही पाय जुळवून, नावाच्या वर. माझा भार तिला चालेल, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. त्याच्या भाराने अक्षरं झिजत नव्हती असं नाही. पहिलं अक्षर गेलंच होतं, आणि उरलेली पुन्हा खोल करणारा हात आता त्याच्यापाशी नव्हता. ज्याने हजारो परक्यांची नावं वाचवली त्याला हे एक वाचवता येत नव्हतं. याचा त्याला रोज, अगदी रोज, राग यायचा, आणि कुणावर काढायचा ते कळायचं नाही.

मागच्या आठवड्यात सकाळच्या फेरीला एक कुटुंब होतं. नातीने आपल्या आजीला आणलं होतं. आजींच्या हातात काठी होती. आजोबा वर्षापूर्वी गेलेले, आणि आजींना त्या हातांवर हात ठेवायचा होता. एवढ्यासाठीच त्या सहा तासांचा प्रवास करून आल्या होत्या. पाथरवट फरशीवर उभा होता. आजी त्याला वळसा घालून शेजारच्या गवतातून जायला निघाल्या. जमीन उंचसखल होती, काठी रुतली, त्या तोल जाऊन झुकल्या आणि त्याने चटकन त्यांचा दंड धरला. दंड केवढासा होता! नात घाबरून पुढे धावली.

पाथरवट फरशीवरून बाजूला झाला.

"आजी, इथे उभ्या राहा. सपाट आहे."

आजींनी एक पाय फरशीवर ठेवला, मग थांबल्या. त्या जुन्या माणसांपैकी होत्या. त्यांनी खाली बघितलं, काठीने दगडावरची पानं सारली, पण नजर अधू होती.

"इथे कुणी नाही ना हो?" त्यांनी विचारलं. "कुणावर पाय नको पडायला."

त्याने त्यांचा दंड धरूनच ठेवला होता.

"नाही, आजी," तो म्हणाला. "पायवाट आहे ही."