युद्धपटातली एकटी पोर

युद्धपटातलं मूल नेहमी एकटं असतं. शहर जळत असतं, ते हातात बाहुली घेऊन उभं असतं, आणि शेजारीपाजारी कुठे तडमडले हे कोणी विचारत नाही. लालबागच्या आमच्या चाळीत असंच मूल दाखवायला एक तरुण दिग्दर्शक आला आणि फसला.

प्रसंग साधा होता. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजणार, गॅलरीतली दारं धडाधड लागणार आणि एक मुलगी एकटीच रडत राहणार. मुलगी आमच्याच मजल्यावरची, पहिलीतली. रोल मिळाल्यापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

भोंगा वाजला. दारं लागली. ती रडली. लगेच कोपऱ्यातल्या मालवणी आजीचं दार उघडलं आणि पोर आत गेली.

"कट! आजी, युद्ध चाललंय. तुम्ही घाबरलेल्या आहात!"

"घाबरलंय म्हणानच तर तिका आत घेतलंय, झिला."

पुन्हा भोंगा. या वेळी शेजारच्या काकू. त्यांनी तर पोरीचं नाकही पुसलं. मग त्यांच्यापलीकडचे रिटायर्ड पोस्टमन, एकाच पायात चप्पल. ऊन उतरू लागलं तसा दिग्दर्शक पोरीच्या आईला म्हणाला, "आता शेवटचं. नाही जमलं तर उद्या बाहेरून दुसरी मुलगी आणतो."

पोरीचा चेहरा पडला. मग मीच पुढे झालो. हौशी रंगभूमीवर आयुष्य काढलेला माणूस, शिस्त मला ठाऊक! प्रत्येक दाराला बाहेरून कडी घातली. आजी आतून माझा उद्धार करत होती. मी जिन्याआड लपलो.

भोंगा वाजला. या वेळी पोर खरंच रडली, रोल जाणार म्हणून, अगदी पोटातून. सगळी दारं आतून बडवली जाऊ लागली. "उघड रे मेल्या, पोर रडता!" आणि माझे पाय मला न विचारता कॅमेऱ्यासमोर धावत सुटले. फटाफट कड्या काढल्या. अख्खा मजला बाहेर लोटला. पोर या कडेवरून त्या कडेवर.

"गेला रोल," तिची आई पुटपुटली.

दिग्दर्शक मॉनिटरला नाक लावून बसला होता. कट म्हणायचंच विसरला होता. शेवटी म्हणाला, "हेच ठेवतो."

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळी चाळ परळच्या थिएटरात. पडद्यावर पोर रडू लागली आणि मागून कुणी अनोळखी बाई ओरडली, "अहो, उघडा ना ती दारं!" तेवढ्यात माझी पाठ धावत आली. शिट्ट्या, टाळ्या! माझ्या चेहऱ्याला एवढी दाद कधी मिळाली नव्हती. पण माझ्याकडे बघतंय कोण? पोर खुर्चीवर उभी राहून, चारी दिशांना वळून वळून वाकून नमस्कार करत होती.