पन्ना म्हणून घेतलेला खडा

माझी मुलगी अडखळत बोलायची. शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर ती अडायची, ओठ घट्ट मिटायचे, मान जराशी वाकडी व्हायची. मग समोरचा माणूस घाईघाईने तिचं वाक्य पुरं करून टाकायचा. अशा माणसांत पहिली मीच होते.

सातवीत गेल्यावर तिने हजेरीलाही बोलणं सोडलं, नुसता हात वर करायची. सासूबाईंनी ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आपल्या ओळखीच्या गुरुजींना तिची पत्रिका दाखवली. बुध कमजोर आहे, करंगळीत पन्ना घाला, वाणी सुटेल, असं त्यांनी सांगितलं.

"पोट्टीच्या भल्यासाठीच सांगून राहिली मी," सासूबाई म्हणाल्या. "एवढं तरी कर."

ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन मी सराफ्यात गेले. खऱ्या पन्न्याची किंमत ऐकून माझा चेहरा बदलला असावा, कारण दुकानदाराने आपणहून दुसरी डबी उघडली. "दीदी, ये उपरत्न है. बुध का ही है." खडा हिरवा, गुळगुळीत होता, आत बारीक चमचम होती. तो मी चांदीत बसवून घेतला आणि घरी येऊन सांगितलं, पन्ना आहे. सासूबाईंनी बुधवारी तो कच्च्या दुधात बुडवून तिच्या बोटात घातला, तेव्हा मी कुकरचं निमित्त करून आत निघून गेले.

वाणी काही सुटली नाही. पण मुलगी त्या खड्याच्या मागे लागली. गच्चीवर जाऊन उन्हात धरायची, मोबाईलच्या टॉर्चवर ठेवायची. शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमकडून तिने भिंग मागून आणलं. महिनाभराने एका संध्याकाळी मी कणीक मळत होते, तर ती ओट्याशी येऊन उभी राहिली.

"म... मम्मी, ये पन्ना नहीं है."

माझे हात थांबले. "कोण म्हणते?"

"मैं."

आणि ती तिच्या शाळेच्या हिंदीत बोलायला लागली. अडखळत, थांबत, पुन्हा सुरू करत. हा क्वार्ट्झ आहे, त्याला अ‍ॅव्हेंच्युरिन म्हणतात. पन्ना आरपार दिसतो, हा दिसत नाही. चमकतात ते हिरव्या अभ्रकाचे कण, आणि त्यांना हिरवा रंग क्रोमियममुळे येतो. पन्न्यालाही बरेचदा त्यानेच येतो, पण पन्ना वेगळं खनिज, जास्त कडक. हा मुळात वाळू होता. जमिनीच्या पोटात लाखो वर्षं दाबला गेला, तापला, आणि कणाला कण चिकटून असा दगड झाला. कर्नाटकात, तामिळनाडूकडे सापडतो.

मी एकदाही मध्ये बोलले नाही. समजूतदारपणाने नव्हे. तिचं वाक्य पुरं करायला मला पुढचं काही माहीतच नव्हतं. इतकं सलग ती माझ्याशी कधी बोलली नव्हती, की मीच बोलू दिलं नव्हतं, ते त्या ओट्याशी उभं राहून मला कळलं.

"मले माहीत होतं," मी शेवटी म्हणाले. "घेतला तेव्हाच माहीत होतं."

"फिर ब... बताया काहून नहीं?"

"लाज वाटली."

ती रागावेल असं वाटलं होतं. तिने भिंग पुसलं आणि म्हणाली, "दादी को मैं बताऊँगी."

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत, हेही खरं. पण नातीला त्यांनी तिथल्या तिथे विचारलं, "म्हणजे रेतीच होय काय हे?"

"हव, दादी. रेती."

"अन् चमकते काहून?" मग पुन्हा सगळं पहिल्यापासून.

त्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनात तिने टेबल मागून घेतलं. अ‍ॅव्हेंच्युरिन, काच आणि मॅडमनी दिलेला गारगोटीचा तुकडा मांडला. काचेवर ओरखडा पाडून दाखवायची. मी मागे उभी होते. 'क्वार्ट्झ'वर ती अडकली तेव्हा एका पालकांनी शब्द पुरवला. तिने हात वर करून त्यांना थांबवलं. "रुकिए. मैं ब... बोल रही हूँ." ते थांबले. तिने शब्द पुरा केला.

पुढे आम्ही वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे जाऊ लागलो. तिच्यापेक्षा जास्त धडे मलाच मिळाले: थांबायचं, नजर हलवायची नाही, शब्द हातात द्यायचा नाही. अडखळणं कमी झालं, गेलं नाही.

आता ती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते आहे. सोमवारी त्यांची तुकडी सरगुज्याच्या डोंगरांकडे खडक बघायला जाणार आहे, म्हणून काल पंडरीच्या कापडबाजारात जाड कापडाची पँट घ्यायला गेलो. मी स्कूटीपाशी थांबले, ती एकटी दुकानात गेली. काचेतून दिसत होतं, ती काही विचारत होती, मध्येच थांबत होती, दुकानदार मान कलती करून ऐकत होता. बाहेर आली तेव्हा हातात दोन पँटी होत्या.

"दोन काहून?"

"एक फटेगी ना," ती म्हणाली आणि मागच्या सीटवर बसली.