बोटीचा पितळी कठडा

मुलुंडच्या एका गाळ्यात मी नेमप्लेटा काढायचे. पंपावर, मोटरवर किंवा कंप्रेसरवर धातूची एक लहानशी पट्टी असते, तिच्यावर कंपनीचं नाव आणि मशीनचा नंबर असतो. त्या पट्टीचं चित्र मी काळ्या शाईनं चौपट मोठं काढायचे. मग त्याचा फोटो लहान करून फिल्म निघायची. पितळेच्या पत्र्याला एक पिवळट थर द्यायचा, वर फिल्म ठेवून उजेड दाखवायचा आणि पत्रा धुवायचा. उजेड लागलेला थर घट्ट बसायचा, बाकीचा वाहून जायचा. मग पत्रा फेरिकच्या, म्हणजे धातू खाणाऱ्या रसायनाच्या टबात. उघडं पडलेलं पितळ फेरिक खात जायचं आणि अक्षरं वर उठून दिसायची.

टब सांभाळायला एक मामा होते. गोवंडीहून यायचे, वय पन्नाशीच्या पुढं, बोटं कायमची पिवळी. गाळ्यात मालकासकट सगळे त्यांना मामाच म्हणायचे. पत्रा किती वेळ टबात ठेवायचा हे ते घड्याळाकडे न बघता सांगायचे आणि सहसा चुकायचे नाहीत.

आमचं घर नाहूरच्या बाजूला. बाबा कोकणच्या बोटीवर सुकाणी होते, म्हणजे सुकाणू हातात धरून बोट हाकणारे. गुडघा धरला तसे ते घरी बसले, आणि नंतर त्यांची बोटही भंगारात निघाली. ही बातमी त्यांना कुणीतरी बाजारात सांगितली. दुसऱ्या दिवशी सुताराकडून प्लायवूडचे तुकडे घेऊन आले आणि बोट बांधायला बसले.

मीटरला एक सेंटिमीटर असं प्रमाण त्यांनी धरलं होतं. हातभर लांबीची बोट वर्षभरात उभी राहिली. धुराडं पावडरच्या डब्याचं, डेकच्या फळ्या आइस्क्रीमच्या काड्यांच्या, बाक काड्यापेटीच्या पुठ्ठ्याचे. सगळं जमलं आणि गाडी कठड्यापाशी अडली. बोटीच्या दोन्ही अंगांना, वरच्या आणि खालच्या डेकवर, कठडा हवा होता. बाबांनी टाचण्या ठोकून दोरा ओढून पाहिला. दोरा ढिला पडायचा, टाचण्या वाकड्या व्हायच्या. तांब्याच्या तारेला कथलाचा डाग देऊन पाहिला, तर एक सांधा जोडेपर्यंत शेजारचा सुटायचा.

"ह्या बोटीक कठडो नाय, परसाक कुंपण घातलासा दिसता," ते म्हणाले. बोट आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी कपाटावर ठेवून दिली. मग दिवसभर पेपर वाचायचे. तोच पेपर पुन्हा वाचायचे.

त्याच सुमारास गाळ्यात एक गंमत झाली. मामा कुणाशीतरी बोलत राहिले आणि एक पातळ पत्रा टबात जास्त वेळ राहिला. बाहेर काढला तेव्हा अक्षरांमधलं पितळ आरपार खाल्लं गेलं होतं.

"वाट लागली," मामा म्हणाले आणि पत्रा टाकायला निघाले. मी तो मागून घेतला. खिडकीशी धरला तर अक्षरांच्या मधून पलीकडचा रस्ता दिसत होता. जे उरलं होतं ते इतकं बारीक आणि तरी सरळ होतं की मला बाबांचा अडलेला कठडा आठवला.

"मामा, अक्षरांच्या जागी नुसते दांडे काढले तर? असे आडवे-उभे, आणि मधलं सगळं खाऊन टाकायचं?"

"कशाला?"

मी बाबांच्या बोटीचं सांगितलं. मामांनी पत्रा हातात घेऊन उलटासुलटा केला.

"होईल. पण एकाच बाजूनं खायला लावलं तर दांडे पण खाईल. पुढनं आणि मागनं दोन्हीकडनं लावावं लागेल. दोन फिल्म, आणि त्या एकमेकींवर अगदी बरोब्बर बसल्या पाहिजेत. केसाचा फरक पडला तरी गेलं." मग त्यांनी विचारलं, "किती बारीक दांडा?"

"पाव मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त."

मामा हसले. "पंपाच्या नेमप्लेटा करून मी कंटाळलोच होतो."

मालकांना विचारलं. ते म्हणाले, कामाच्या पत्र्यांचे तुकडे उरतात, ते घ्या, फक्त ऑर्डर अडवू नका.

आता मापं हवी होती. बाबांना विचारलं असतं तर गुपित फुटलं असतं, आणि नाही जमलं तर त्यांचं मन पुन्हा मोडलं असतं. म्हणून मी आईला विचारलं. लग्नानंतर ती पहिल्यांदा मुंबईला आली ती त्याच बोटीनं. बाबा वर सुकाणूपाशी ड्युटीवर, आणि खाली आई दिरासोबत. तिला बोट अशी लागली होती की अख्खा प्रवास तिनं कठड्याला धरून काढला.

"कठडा कसा होता गं?"

"कसा म्हणजे? मला झोपेत विचार," आई म्हणाली. "वर लाकडी पट्टी, गुळगुळीत. खाली तीन लोखंडी दांडे. मी पायरीवर बसले की मधला दांडा नाकासमोर यायचा."

"उंची?"

ती स्वयंपाकघरात उठून उभी राहिली, डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढं करून नसलेला कठडा धरला. मी टेप घेऊन जमिनीपासून तिच्या मनगटापर्यंत माप घेतलं. तेवढ्यात बाबा पाणी प्यायला आले. आई तशीच हात पुढं करून उभी. बाबांनी आमच्याकडे पाहिलं, पाणी प्यायले आणि निघून गेले.

मी चित्र काढलं. कठडा, दोन शिड्या आणि जागा उरली म्हणून खिडक्यांच्या चार चौकटी. सुटे तुकडे टबात हरवू नयेत म्हणून प्रत्येक भाग बारीक दांडीनं बाहेरच्या चौकटीला जोडून ठेवला. आठवड्याचं काम आटपलं की शनिवारी दुपारी मामा आणि मी आमच्या पत्र्याला लागायचो.

पहिल्या शनिवारी टबातून पितळी केसांचा गुंता निघाला. दोन फिल्म सरकल्या होत्या, त्यामुळे पुढचे दांडे एकीकडे आणि मागचे दुसरीकडे. दुसऱ्या शनिवारी मामांनी डोकं चालवलं. दोन्ही फिल्म उजेडाच्या टेबलावर भिंगातून बघत एकीवर एक बसवल्या, एका कडेला पट्टी चिकटवून त्यांचं पाकीट केलं आणि पत्रा त्या पाकिटात सरकवला. मग एका बाजूनं उजेड, उलटवून दुसऱ्या बाजूनं.

आम्ही टब हलवत राहिलो. तपकिरी पाण्यात काही दिसत नव्हतं. मामांनी चिमट्यानं पत्रा वर काढून नळाखाली धरला, आणि पाणी त्यातून आरपार पडलं. तीन दांडे, वरची पट्टी, शिडीची पायरी न् पायरी, सगळं जागच्या जागी. मामांनी तो हातावर घेतला, चष्मा कपाळावर चढवून अगदी डोळ्यांजवळ नेला.

"झकास," ते एवढंच म्हणाले. मला मात्र गाळाभर उड्या माराव्याशा वाटत होत्या. मालक आले, पत्रा पाहिला आणि विचारलं, "यावर कंपनीचं नाव कुठे आहे?"

"ही घरची कंपनी आहे, शेठ," मामा म्हणाले.

पत्रा वहीत ठेवून घरी नेला. बाबा पेपर वाचत होते. मी पेपरावरच तो ठेवला. त्यांनी तो उचलला, खिडकीशी गेले, बराच वेळ उजेडाकडे धरून उभे राहिले. मला वाटलं, डोळे पुसतील. पण ते वळले आणि म्हणाले, "दोनच दांडे होते. ह्यो तिसरो खंयसून इलो?"

आई आतून आली. "तीन होते."

"इतकी वर्सां मी बोटीर होतंय."

"तुमी सुकाणू धरून पुढे बघी होतास. कठडो मिया धरलेलो. मालवणापासून मुंबयपर्यंत."

आधी बाबांचे खांदे हलले, आणि मग ते इतके हसले की खुर्चीत बसावं लागलं. "मग तीनच असतले," ते म्हणाले, आणि कपाटावरची बोट काढायला स्वतःच स्टुलावर चढायला लागले. गुडघ्याचं भान नाही. आईनं ओरडून खाली उतरवलं आणि मी बोट काढली.

कठडा बसवायला दोन रविवार लागले. पत्रा काचेवर ठेवून जोडणाऱ्या दांड्या ब्लेडनं दाबून तोडायच्या. शिडीच्या बाजू स्टीलच्या पट्टीला लावून काटकोनात दुमडायच्या. त्या एकदाच दुमडतात, परत सरळ करायला गेलं तर तुटतात. बाबांचे हात जाड, पण चिमटा धरला की स्थिर व्हायचे. काडीच्या टोकानं चिकटद्रव्याचा थेंब लावायचा आणि आकडे मोजत श्वास रोखून धरायचा. एक शिडी चिमट्यातून सुटून उडाली. आम्ही तिघं गुडघ्यांवर, गाल फरशीला टेकवून शोधत होतो. शेवटी ती बाबांच्या बनियनवर सापडली. ती उचलेपर्यंत आईनं त्यांना हलू दिलं नाही.

पांढरा रंग दिल्यावर पितळ दिसेनासं झालं आणि खरा लोखंडी कठडा दिसायला लागला. आईनं एक बोट पुढं केलं, पण लावलं नाही. "पोटात ढवळतंय बघ," ती म्हणाली, आणि हे तिनं कौतुकानं म्हटलं.

मग बाबांची यादी सुरू झाली. नांगराची साखळी, होड्या टांगायचे हात, सुकाणूचं चाक. चाकाच्या आऱ्या किती, यावर मात्र घरात वाद झाला नाही. तो अधिकार त्यांचाच. जवळजवळ प्रत्येक शनिवारी उरलेल्या पत्र्याच्या कोपऱ्यात बोटीचं काहीतरी असायचंच.

एका रविवारी सकाळी मामा आमच्याकडे आले, धुतलेला शर्ट घालून. आईनं घावणे केले होते. बाबांनी मामांची पिवळी बोटं आपल्या हातात घेतली आणि सोडलीच नाहीत, तसेच धरून बोटीपाशी नेलं, भिंग दिलं.

मामा कधी बोटीत बसले नव्हते. त्यांनी भिंगातून एकेक डेक पाहिला, शिडीच्या पायऱ्या मोजल्या, मग विचारलं, "आणि तुम्ही कुठं उभे राहायचे?"

बाबांनी बोटीच्या वरच्या खोलीचं छत अलगद उचललं. आत आम्ही केलेलं ते चाक होतं, उडदाएवढं.

"इथं," बाबा म्हणाले. "वारा डावीकडनं आला की असं धरायचं." त्यांनी मामांना शेजारी उभं केलं, पाय फाकवायला लावले, त्यांचे दोन्ही हात हवेत गोल ठेवले आणि आमच्या त्या खोलीत त्यांना बोट वळवायला शिकवलं. मामा भयंकर गंभीर चेहऱ्यानं वळवत होते. घावणे निवत होते आणि आईनं कुणालाच हाक मारली नाही.