दोन बोटं वाकडं खोगीर

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांचा स्वभाव असा की, शेजाऱ्याचा बैल आमच्या उसात घुसला तरी म्हणणार, आपलंच कुंपण ढिलं असंल. मला असल्या गरीब स्वभावाचा भारी राग येतो.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना वर्षभरानं घोडीवर बसायला परवानगी दिली, पण खोगीर मऊ आणि पाठीला आधार देणारं घ्या म्हणाले. जळोचीला आमच्या गोठ्यात घोडी नुसती उभी राहून माजली होती. नवऱ्यानं हौसेनं थेट परदेशातनं खोगीर मागवलं. वर पाच वर्षांची वॉरंटी! सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, नव्या ट्रॅक्टरची करतात तशी त्याची पूजा केली. हळदकुंकू, हार, नारळ, सगळं साग्रसंगीत.

आठवड्याभरात मामा डावीकडं कलून बसायला लागले आणि घोडीची पाठ त्याच अंगाला सोलली. मी म्हटलं, "मामा, खोगीर फॉल्टी आहे."

"परदेशातलं हाय ते, सूनबाई. ते कशाला चुकंल? माझा खुबाच वाकडा बसलाय. माझ्यापायी मुक्या जनावराला तरास कशाला?"

उतरले ते उतरलेच. काठी घेऊन दिवसभर ओट्यावर. जेवणावरनं मन उडालं. एके दिवशी सांगून टाकलं, पळसदेवचा एकजण रविवारी घोडी बघायला येतोय, त्याला देऊन टाकायची. आत्या भाकरी थापता थापता रडल्या. माझं डोकंच फिरलं. दोष खोगिराचा आहे हे रविवारच्या आत कंपनीकडनं लिहून घ्यायचंच, असं मी ठरवलं.

कंपनीला मेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं: आमच्या अधिकृत कारागिराकडून तपासून घ्या, इतर कुणी एक टाका जरी उसवला तरी वॉरंटी रद्द. आणि जवळातला जवळ अधिकृत कारागीर कुठं, तर दुबईला! वा रे वा! बारामती-दुबई एसटी सुटली की कळवा, असं लिहिणार होते. लिहिलं मात्र 'थँक यू'.

खोगीर गाडीत टाकलं आणि इंदापूर गाठलं. तिथं हायवेला ट्रकच्या सीटा शिवणारे एक चाचा आहेत, त्यांचे वडील खोगिरं करायचे. चाचांनी खोगीर पालथं घातलं, पुढून मागं मधोमध दोरा ताणला आणि एक डोळा मिटून पाहिलं. मग दोरा आणि मधली शिवण यांच्या फटीत आपली दोन बोटं ठेवली.

"आतला सांगाडाच पिळलाय, ताई. दोन बोटं वाकडं हाय. उसवायची गरजच न्हाय."

मी फोटो काढला आणि तिथंच स्टुलावर बसून मेल लिहिला. बी.ए.ला इंग्रजी घेतलेली बाई मी, पण रागाच्या भरात 'दोन बोटं वाकडं'चं शब्दाला शब्द इंग्रजी करून मोकळी झाले.

एरवी चार दिवस तोंड न उघडणाऱ्या कंपनीचं उत्तर चहा निवायच्या आत हजर. आपली दोन बोटं वाकडी झाल्याचं वाचून आम्हांला अतिशय दुःख झालं. फोटोत कातड्यावर लाल डाग दिसतात, ते रक्ताचे आहेत काय? आपण दवाखान्यात गेलात काय? आमच्या वरिष्ठ बाई आपल्याशी ताबडतोब बोलतील.

अगं बाई! आत्यांचं कुंकू! मी कपाळावर हात मारला. चाचांना मेल मराठीत सांगितला तर ते हसून हसून खुर्चीवरनं पडायचे बाकी राहिले.

"बांधा की बोटाला चिंधी! ह्या भानगडीत दोन खोगिरं देतील."

मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण व्हिडिओ कॉल आला, आणि समोरची पांढऱ्या केसांची बाई एवढी घाबरलेली की मला कसंसंच झालं. मी दोन्ही हात फोनपुढं नाचवले. दहाच्या दहा धड आहेत, म्हटलं. मग कुंकू समजावलं, बोट हे आमच्याकडं माप असतं ते समजावलं. बाई आधी खूप हसल्या. चाचांनी पुन्हा दोरा ताणून फटीला मोजपट्टी लावली, तेव्हा मात्र त्यांचं हसू थांबलं. फोन जवळ न्या म्हणाल्या. स्वतः तरुणपणी खोगिरं शिवलेली बाई ती, तिला दोऱ्याची भाषा कळली.

शनिवारी सकाळी मेल आला. मामा ओट्यावरच होते. मी मोठ्यानं मराठी करून वाचला. सांगाडा कारखान्यातूनच पिळलेला आला आहे. स्वाराचा काही दोष नाही. नवीन खोगीर पाठवत आहोत.

"पुन्यांदा वाच."

"नवीन खोगीर पाठवत—"

"ते न्हवं गं. त्याच्या आधीचं."

"स्वाराचा काही दोष नाही."

 मामांनी स्वतःचा फोन काढून पळसदेवला लावला. "उद्या येऊ नका. घोडी द्यायची न्हाय. अवो, खोगीर वाकडं हुतं, मी न्हवं."  पलीकडनं फोन ठेवला गेला तरी फोन कानाला तसाच धरून ते पुन्हा म्हणाले, "मी न्हवं."