न लावलेला हेडफोन

बेला गावात कॉम्प्युटर कमी नाहीत. दाखले काढून देणाऱ्या दुकानांत आहेत, शाळेत आहेत. शाळेतले कुलपात असतात, म्हणून सुस्थितीत आहेत. विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा मात्र एकच, आणि तो उद्धवरावांच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या टेबलावर आहे. गावाला याचा अभिमान नाही, कारण गावाला हे माहीत नाही.

तो जावयानं दिला. रीतीनं देणं सासऱ्याकडून जावयाकडे जातं. अमरदीपनं हा ओघ उलटा फिरवला. हैदराबादला त्याच्या ऑफिसातून निघालेला जुना डबा त्यानं आणला, त्यात लिनक्स घातलं आणि म्हणाला, “बाबा, याच्यात व्हायरस येत नाही.” उद्धवरावांनी मान डोलावली. बायको भाग्यलक्ष्मीबाई गेल्यापासून त्या घरात तसंही फारसं कोणी येत नाही.

उद्धवरावांचा जन्म आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये फिटर म्हणून गेला. कापसातून सरकी काढणारी यंत्रं हंगामभर ओरडत असतात, आणि त्यांच्यात उभं राहून म्हातारा झालेल्या माणसाचे कान नोकरीबरोबरच निवृत्त होतात. मोबाइल कानाला लावला की पलीकडे कोणीतरी कडबा चावतंय एवढंच त्यांना कळतं. त्यावर त्यांचा उपाय ठरलेला. मधूनमधून “हो हो, बराबर हाय” म्हणायचं. याच उपायानं ते एकदा भजनी मंडळाचे अध्यक्ष झाले होते.

मंडळ मोडलं, पण त्याचे दोन मोठे स्पीकर उद्धवरावांकडे राहिले. ते कॉम्प्युटरच्या पाठीला जोडल्यावर चमत्कार झाला. रविवारी सकाळी लेक रुपा व्हिडिओवर यायची आणि तिचा शब्दन् शब्द त्यांना ऐकू यायचा. गल्लीलाही यायचा, पण गल्लीची तक्रार नव्हती.

ही स्पीकरची मेहेरबानी आहे हे त्यांनी रुपाला कधी सांगितलं नाही. तिनं बजावलं होतं, कान गेले तर गावात एकटं राहायचं नाही, सरळ हैदराबादला यायचं. तिचा फ्लॅट ते पाहून आले होते. चांगला होता. बसायला ओटा नव्हता, आणि दार लावलं की शेजारी नाहीसे होत. तेव्हा आठवड्यातून एकदा लेकीला नीट ऐकणं आणि आपले कान शाबूत आहेत असं तिला वाटू देणं, या दोन्ही गोष्टी त्या स्पीकरवर टेकलेल्या होत्या.

खंडेनवमीला उद्धवरावांनी पाना, हातोडी आणि टेस्टरबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा केली. जिनिंगमध्ये रीत होती की कुंकू नुसतं अंगाला लावायचं नाही. यंत्राचं तोंड, जिथून कापूस आत जातो, तिथं ओल्या अक्षता चिकटवायच्या. यंत्राचं पोट भरलेलं राहतं म्हणतात. कॉम्प्युटरचं तोंड कोणतं याचा त्यांनी थोडा विचार केला. पुढच्या बाजूला बारीक भोकं दिसली. त्यांनी प्रत्येकाला अक्षता दिल्या.

दसऱ्यानंतरच्या रविवारी रुपा पडद्यावर आली, हसली, बोलू लागली. आवाज नव्हता.

एखादा म्हणाला असता, बाई, ऐकू येत नाही. पण मग ती म्हणाली असती, फोन लावते. आणि फोनवर कडबा. उद्धवराव खुर्चीत ताठ बसले आणि लेकीचं तोंड पाहू लागले. तिच्या भुवया वर गेल्या की प्रश्न असणार. पहिल्यांदा गेल्या तेव्हा ते म्हणाले, “हो हो.” दुसऱ्यांदा जास्त वेळ वर राहिल्या, म्हणून त्यांनी जोर दिला, “हो हो, बराबर हाय. काई हरकत नाई.” रुपाच्या भुवया खाली आल्या, तिनं मान हलवली, मग नातवाला पडद्यासमोर धरलं. पडदा काळा झाल्यावर उद्धवरावांना आपलं काम छान जमल्याचं समाधान वाटलं.

मग त्यांनी अमरदीपला व्हॉट्सॲपवर लिहिलं, “स्पीकर बंद. रुपाला सांगू नये.” जावई कामाचा. त्यानं ओळीनं उत्तर दिलं: आवाज शून्यावर आहे का पाहा, वायर हलवून पाहा, मशीन बंद करून चालू करा, नाहीतर ही आज्ञा काळ्या खिडकीत टाइप करा. उद्धवरावांनी दोन बोटांनी ती टाइप केली. एक अक्षर चुकलं, कॉम्प्युटरनं इंग्रजीत नकार दिला. दुसऱ्यांदा बरोबर पडलं, तेव्हा तो काहीच बोलला नाही. लिनक्समध्ये काम झालं की शांतता असते, असं अमरदीपनं कळवलं. शांतता तर आधीपासूनच होती.

“झालं का बाबा?” अमरदीपनं विचारलं. जावयाला एका कामासाठी दुसऱ्यांदा राबवत नाहीत. उद्धवरावांनी लिहिलं, “झालं. उत्तम.”

आता ते आणि यंत्र. जिनिंगमध्ये बिघाड ते कानानं ओळखत. इथं यंत्र मुकं आणि फिटर बहिरा. पण सेटिंगमध्ये एक गोष्ट त्यांना खटकत होती. आवाज कुठून काढायचा, या प्रश्नासमोर ‘हेडफोन’ लिहिलेलं होतं. त्यांनी ‘स्पीकर’ निवडलं. खिडकी बंद करून उघडली, की पुन्हा ‘हेडफोन’. त्या घरात हेडफोन कधीच नव्हता, तरी कॉम्प्युटरचं म्हणणं ठाम होतं.

“अबे, कोणता हेडफोन?” ते त्याला म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांनी कोणाला प्रश्न विचारला नव्हता.

यंत्र एवढं ठासून सांगतंय तर काहीतरी अडकलेलं असणार, हा जुना फिटरचा हिशोब. त्यांनी प्लग काढला, बॅटरी पेटवली आणि पुढच्या भोकांत डोकावले. हेडफोनच्या गोल भोकात, तळाशी, तांदळाचा एक लाल दाणा बसला होता. गोधडीच्या सुईनं तो निघायला दुपार गेली.

चाचणीचं बटण दाबलं. लिनक्समध्ये त्यासाठी एक बाई ठेवलेली आहे. ती इंग्रजीत डावा-उजवा म्हणते. भजनी मंडळाच्या स्पीकरमधून तिचा आवाज एकदा इकडून आला, एकदा तिकडून. कुंपणापलीकडून मथुराबाईंनी ओरडून विचारलं, “कोन आलं जी, भाऊजी? पाहुनी आली का?”

“कोनी नाई. कॉम्प्युटर हाय.”

“मले वाटलं आपली रुपा. म्हनलं, इंग्रजी काऊन बोलून राह्यली?”

रविवारी उद्धवराव वेळेआधी बसले. रुपा आली, आणि आवाज असा लख्ख होता की तिच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टीसुद्धा कळली.

“बाबा, मंग दिवाळीले तिकडं न येनं पक्कं करून टाकलं बरं का. आमी इकडंच राहून राह्यलो. सासूबाई येतात ना.”

उद्धवराव खुर्चीत पुढं सरकले.

“तुमीच तर म्हनलं ना, काई हरकत नाई. मी विचारलं, बाबा, एकटे राहसान, चालन का? तुमी पट्कन हो म्हनलं. खरं सांगू? इतक्या लवकर म्हनलं, मले वाईटच वाटलं. मले वाटलं, एकडाव तरी रागवसान. म्हनसान, ये म्हनून.”

ये म्हणायला अजूनही वेळ होता. पण मागच्या वेळी हो काऊन म्हनलं, असं तिनं विचारलं असतं. त्याचं खरं उत्तर एकच होतं, ऐकूच आलं नाही, आणि त्या उत्तराला हैदराबादचं दार होतं.

“तुय्या घरी मानसं येऊन राह्यली,” ते म्हणाले. “त्यायले टाकून कुठी येतं? मी हाओ मजेत.”

“जेवता ना बराबर?”

“जेवतो.”

“ऐकू येते ना नीट?”

“सगळं ऐकू येते,” उद्धवराव म्हणाले. त्या दिवशी ते खरं होतं.

संध्याकाळी मथुराबाई पातोडीच्या रश्शाची वाटी घेऊन आल्या. गल्लीनं सगळं ऐकलं होतंच.

“पोरगी नाई येत म्हन्ते ना. मंग दिवाळीले आमच्याकडं जेवाले या, भाऊजी.”

“पाहू,” उद्धवराव म्हणाले. “घरी काम हाय थोडं.”

दिवाळीला त्या रिकाम्या घरात काम कोणतं, हे मथुराबाईंनी विचारलं नाही. वाटी ठेवून त्या गेल्या.